रिव्ह्यू नेमका कुणाला लिहिलेला असतो?

सुट्टीसाठी घर शोधणारा माणूस आधी तारे बघतो, मग फोटो, मग भाडं. अलिबाग-नागावपासून दिवेआगर, दापोली, गुहागर आणि खाली तारकर्लीपर्यंत गेल्या काही वर्षांत भाड्याने मिळणारी घरं, बंगले आणि होमस्टे एवढे वाढले आहेत, की तारे बघितल्याशिवाय निवड सुरूच होत नाही. मोठ्या हॉटेलला निदान नाव असतं, चार शहरांत शाखा असतात, फसवणूक झाली तर जाब विचारायला काउंटर असतो. इथे मालक अनोळखी, गाव अनोळखी आणि आगाऊ रक्कम मात्र आधीच भरायची. मग भरवसा उरतो तो आधी राहून गेलेल्यांच्या शब्दाचा. अशा घरांचं बुकिंग सांभाळणं, चौकशीच्या फोनना उत्तरं देणं, आलेले रिव्ह्यू वाचणं आणि मालकाच्या वतीने त्यांना उत्तरं लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रिव्ह्यू बहुतेक वेळा खोटा नसतो, पण तो आपल्यासाठी लिहिलेलाही नसतो. तो घरमालकाला लिहिलेला असतो, आणि आपण तो दुसऱ्याच्या नावावर आलेल्या पत्रासारखा वाचत असतो. पत्रातला मजकूर खरा असला तरी काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे पत्र ज्याला जायचं त्याच्याकडे बघून ठरलेलं असतं. रिव्ह्यूवर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नाची उकल तिथूनच करावी लागते.

आधी ताऱ्यांकडे बघू. बोस्टन विद्यापीठातल्या जॉर्जिओस झेर्वास, डेव्हिड प्रोसर्पिओ आणि जॉन बायर्स यांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरच्या लाखो घरांचे तारे तपासले. जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे भरली. ट्रिपअॅडव्हायझरवर हॉटेलांची सरासरी मात्र ३.८ च्या आसपास होती. आता जगातली घरं हॉटेलांपेक्षा सरसकट इतकी सरस असतील यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. ज्या परीक्षेत जवळजवळ सगळी मुलं पहिल्या वर्गात येतात, त्या परीक्षेचा निकाल प्रवेशासाठी कामाचा राहत नाही. कोकणातली यादी उघडून बघितली तर वेगळं चित्र दिसत नाही. एकाच वाडीतल्या पाच घरांपुढे ४.७, ४.८, ४.९ असे आकडे असतात. त्यातल्या एका घरात पंप बंद पडला तर दिवसभर टाकीत पाणी नसतं आणि दुसऱ्यात विहीर, बोअर, इन्व्हर्टर सगळं चोख असतं, हा फरक त्या दशांशातून वाचता येत नाही. सरासरी खोटी नसते. ती फक्त आपल्याला हवा असलेला फरक सांगत नाही.

इतके तारे येतात कुठून? यावर पहिलं उत्तर भीतीचं दिलं जातं. पाहुणा मालकाला तारे देतो तसा मालकही पाहुण्याला देतो. मी वाईट लिहिलं तर तोही लिहील आणि पुढच्या वेळी मला कुणी घर देणार नाही, या विचाराने लोक गोडगोड लिहितात, असं म्हटलं जातं. या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच एअरबीएनबीने २०१४ मध्ये पद्धत बदलली. तेव्हापासून दोघांनीही लिहिल्याशिवाय, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्याशिवाय, कुणाचाच रिव्ह्यू दिसत नाही. समोरच्याने काय लिहिलं ते वाचून सूड उगवायची सोय राहिली नाही. आंद्रे फ्रॅडकिन, एलेना ग्रेवाल आणि डेव्हिड होल्ट्झ यांनी या बदलाचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगातून मोजला. सूडाचे रिव्ह्यू कमी झाले, लोक थोडे जास्त लिहू लागले, तारेही किंचित उतरले. पण किंचितच. भीती हेच मुख्य कारण असतं, तर ती काढून घेतल्यावर सगळी रांग खाली यायला हवी होती. ती आली नाही. म्हणजे गोड लिहिण्यामागे भीतीपेक्षा मोठं काहीतरी आहे.

ते म्हणजे साधी भीड. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या माणसाचं नाव आपण लक्षात ठेवत नाही, पण होमस्टेत ज्या काकूंनी सकाळी घावणे वाढले, लेकराला ताप आला तेव्हा डॉक्टरांचा नंबर शोधून दिला, निघताना कोकम आगळाची बाटली हातात ठेवली, त्यांच्या घरात डास फार आहेत हे चारचौघांत लिहायला हात धजत नाही. फ्रॅडकिन आणि सहकाऱ्यांच्या मांडणीतही हा मुद्दा येतो, की मालकाशी जितकी प्रत्यक्ष ओळख होते, तितका पाहुणा वाईट अनुभव जाहीरपणे लिहायला कचरतो. इथे लक्षात घ्यायला हवं, की पाहुणा तक्रार करतच नाही असं नाही. तो ती वेगळ्या वाटेने करतो. अॅपमध्ये मालकापुरता खासगी निरोप लिहिण्याची जागा असते. जाहीर रकान्यात 'अप्रतिम ठिकाण, नक्की परत येऊ' असं लिहिणारी व्यक्ती त्याच दिवशी खासगी रकान्यात गिझर चालत नव्हता, गाद्यांना ओलसर वास होता, मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, असं सविस्तर कळवते. दोन्ही मजकूर प्रामाणिक असतात. पहिला आभाराचा, दुसरा उपयोगाचा. पुढच्या पाहुण्याच्या वाट्याला मात्र फक्त आभार येतात. बुकिंग सांभाळणाऱ्याला दोन्ही रकाने शेजारी शेजारी दिसतात, म्हणून जाहीर रिव्ह्यूला मी साक्ष मानत नाही. ते निरोपाचे चार शब्द असतात आणि निरोप घेताना कुणी कागाळी करत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एकट्यादुकट्याचं मत भिडेचं असेल, पण दोनशे लोकांचं एकत्र केलं की चुका एकमेकींना खोडतात आणि सरासरी खऱ्याजवळ येते. हे खरं तेव्हाच, जेव्हा काहींच्या चुका वर आणि काहींच्या खाली असतात. सगळे एकाच बाजूला झुकत असतील, तर माणसं वाढवून झुकाव जात नाही. तो उलट अधिक खात्रीशीर वाटू लागतो. त्यातच लिहिणारे आणि न लिहिणारे ही दोन वेगळी माणसं असतात. फ्रॅडकिन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. ज्या घरांना अजून एकही रिव्ह्यू नव्हता, तिथे राहून गेलेल्या पण काही न लिहिलेल्या पाहुण्यांपैकी काहींना २५ डॉलरचं कूपन देऊ केलं. त्यामुळे जे रिव्ह्यू आले, त्यांतले तारे आपणहून लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होते. म्हणजे गप्प बसणाऱ्यांचा अनुभव सरासरीने फिका होता. आपल्याकडेही तेच दिसतं. ज्यांची सहल रंगली ते फोटोंसकट लिहितात, ज्यांचा फार संताप झाला तेही लिहितात, आणि 'ठीक होतं, पण पुन्हा येणार नाही' असं वाटलेलं कुटुंब पुण्याला परत जाऊन सोमवारी कामाला लागतं. घर निवडताना सगळ्यात कामाचं ठरलं असतं ते नेमकं या मधल्या कुटुंबाचं मत.

ताऱ्यांचा आणखी एक घोळ मोजमापाचा आहे. आपल्या डोक्यात पाचपैकी चार म्हणजे शंभरात ऐंशी, म्हणजे उत्तम. अॅपच्या हिशेबात चार म्हणजे नापासाकडे झुकलेला शेरा. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट हा दर्जा टिकवायला सरासरी किमान ४.८ लागते आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासली जाते. गणित मांडून बघा. एका चार ताऱ्यांच्या रिव्ह्यूचा तोल सावरून सरासरी ४.८ वर ठेवायला पाच ताऱ्यांचे चार रिव्ह्यू लागतात. तीन तारे मिळाले तर नऊ लागतात, आणि एकच तारा मिळाला तर तब्बल एकोणीस. वर्षभर गजबजलेल्या शहरातल्या फ्लॅटला एकोणीस पाहुणे दोन महिन्यांत मिळतील. कोकणातल्या घराला शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर फारसं कुणी येत नाही, आणि आलेल्यांपैकीही सगळे लिहीत नाहीत. तिथे एक तारा वर्षभराची कमाई खाऊ शकतो. म्हणून मालक पाहुणा निघताना हात जोडून 'पाच तारे द्या हं' म्हणतो, आणि पाहुणाही बिचाऱ्याचं नुकसान कशाला म्हणून देतो. दोघांचंही चुकलेलं नाही. पण चार हा आकडा वापरण्याजोगा राहिलेला नाही, आणि पाच अंकांच्या मापातला एकच अंक चलनात उरला की ते माप मोजायचं थांबतं. या दबावाची दुसरी बाजूही आहे. 'भाड्यात दोन हजार कमी करा, नाहीतर रिव्ह्यू बघा' अशी धमकी देणारे पाहुणे असतातच, आणि त्यांच्या रागाचा एक तारा वाचणाऱ्याला घराविषयी काहीच सांगत नाही.

कुणी म्हणेल, भिडेचं काय घेऊन बसलात, खरा धोका विकतच्या रिव्ह्यूंचा आहे. धोका आहेच. पण तो सगळीकडे सारखा नाही, आणि तो कुठे जास्त हे ओळखता येतं. दिना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हॅलिए यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच हॉटेलाचे दोन ठिकाणचे रिव्ह्यू शेजारी ठेवले. एक्स्पीडियावर तिथून बुकिंग करून राहिलेल्यालाच लिहिता येत होतं, ट्रिपअॅडव्हायझरवर कुणालाही. जिथे कुणालाही लिहिता येतं, तिथे छोट्या, स्वतंत्र मालकांच्या हॉटेलांना स्तुती जास्त, आणि अशा हॉटेलांच्या शेजाऱ्यांना निंदा जास्त, असं आढळलं. २०१७ मध्ये तर लंडनमधल्या एका पत्रकाराने घरामागची शेड म्हणजे रेस्टॉरंट आहे असं भासवून, मित्रांकडून रिव्ह्यू लिहवून घेऊन तिला ट्रिपअॅडव्हायझरवर शहरात पहिला क्रमांक मिळवून दाखवला होता. ही गोष्ट कोकणाला लागू करायची, तर लक्षात ठेवायचा मुद्दा हा, की इथलं पुष्कळ बुकिंग अॅपवरून होतच नाही. ते फोनवर ठरतं, आगाऊ रक्कम यूपीआयने जाते आणि रिव्ह्यू येतो गूगल मॅप्सवर. तिथे लिहिणारा खरोखर राहिला होता का, हे तपासणारं कुणी नाही. मालकाचा भाचाही लिहू शकतो आणि समोरच्या होमस्टेचा मालकही. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यात लिहिणाऱ्याची खातरजमा कशी करावी याचे मार्ग दिले, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. तेव्हा गूगलवरचे आणि अॅपवरचे तारे एका तराजूत घालू नयेत. तरीही खोटे रिव्ह्यू हा तुलनेने सोपा प्रश्न आहे. एकाच आठवड्यात आलेले, एका ओळीचे, कुठलाच तपशील नसलेले पंधरा रिव्ह्यू जरा लक्ष दिलं की ओळखू येतात. खऱ्या माणसाने खऱ्या कृतज्ञतेने लिहिलेला अपुरा रिव्ह्यू ओळखणं जास्त अवघड, कारण त्यात पकडण्यासारखं खोटं काही नसतं.

मग रिव्ह्यू वाचूच नयेत का? वाचावेत, पण पत्र मालकाला आहे हे धरून वाचावेत. आभार मानणारा माणूस विशेषणं उदारपणे वाटतो, तपशील मात्र सहसा बनवत नाही. एक नेहमीच्या वळणाचा रिव्ह्यू घेऊ: 'घर खूप सुंदर, काका-काकू अतिशय प्रेमळ, जेवण अप्रतिम. आम्ही आठ जण होतो, मुलांनी हॉलमध्ये गाद्या टाकून धमाल केली. किनाऱ्यावर गाडीने पाच मिनिटांत पोचलो. रात्री लाइट गेले तरी पंखे चालू होते.' यात तक्रार एकही नाही. पण जाहिरातीत 'दहा जणांची सोय' लिहिलेल्या घरात आठव्या माणसापर्यंतच गाद्या जमिनीवर आल्या, हे यातून कळतं. जाहिरातीतली 'समुद्रापासून पाच मिनिटं' चालत नव्हती, गाडीने होती, हेही कळतं. इन्व्हर्टर आहे, पण एसीच्या नावाने काही लिहिलेलं नाही, म्हणजे लाइट गेल्यावर एसी चालत नसणार, एवढा अंदाज बांधता येतो आणि तो फोन करून पक्का करता येतो. विशेषणं गाळून मागे उरतं ते वाचायचं. त्यातही महिना बघायचा. डिसेंबरातल्या वीस रिव्ह्यूंवरून जुलैत भिंतींना येणारी ओल कळत नाही आणि ऑगस्टातल्या हिरवाईच्या कौतुकावरून मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का ते कळत नाही. पावसाळ्यात तारकर्लीचं स्कूबा आणि बोटी बंद असतात, त्यामुळे तिथलं तेच घर दोन हंगामांत दोन वेगळ्या सहली देतं. वर्षाची सरासरी हे सगळं एकत्र कालवून टाकते. आपण ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातले पाच रिव्ह्यू, एकूण दोनशेंच्या सरासरीपेक्षा अधिक सांगतात.

दुसरी वाचण्याजोगी जागा म्हणजे मालकाचं उत्तर. पाहुणा लिहितो मालकाला, आणि मालक उत्तर देतो ते वरवर त्या पाहुण्याला, पण मनातून पुढच्या गिऱ्हाइकाला. ही उत्तरं लिहिणं कामाचाच भाग असल्याने खात्रीने सांगता येतं, की त्या चार ओळींतला प्रत्येक शब्द अजून न आलेल्या माणसाकडे बघून बेतलेला असतो. म्हणूनच त्यांतून मालक कळतो. 'पाणी कमी आलं हे खरं, आता दुसरी टाकी बसवली आहे' असं लिहिणारा मालक आणि 'तुम्ही स्वतःच उशिरा आलात, वर सवलत मागत होतात' असं लिहिणारा मालक, दोघांच्याही घराला ४.८ तारे असू शकतात. अडचण आली तर यांपैकी कुणाच्या दारात उभं राहायला आवडेल, हे ठरवायला सरासरीची गरज नाही. अर्थात उत्तरही नटवलेलं असू शकतं. पण 'दुसरी टाकी बसवली' हा दावा पुढचा पाहुणा खोटा पाडू शकतो, आणि ही जाणीव मालकाला असते. म्हणून उत्तरातल्या माफीपेक्षा त्यातली वस्तू जास्त विश्वासार्ह.

यापेक्षा ओळखीच्या माणसाला विचारलेलं बरं, असाही एक सल्ला मिळतो. ओळखीचा माणूस जास्त खरं बोलतो म्हणून तो सल्ला बरोबर ठरत नाही. त्यालाही स्वतःची निवड चुकली असं म्हणणं जड जातंच. तो सल्ला बरोबर ठरतो, कारण ओळखीचा माणूस आपल्याशी बोलत असतो आणि आपण त्याला उलट विचारू शकतो. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत? संडास आत आहे की बाहेर? रात्री जेवण सांगितल्यावरच मिळतं का? रिव्ह्यूला असे प्रश्न विचारता येत नाहीत, पण मालकाला येतात. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारा मालक, आणि 'सगळी व्यवस्था आहे, तुम्ही या तर खरं' म्हणणारा मालक, यांतला फरक फोनवर दोन मिनिटांत समजतो. महाराष्ट्रात न्याहारी निवास योजनेतली किंवा गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालची नोंदणी आहे का, हेही विचारावं. नोंदणीने गादी मऊ होत नाही, पण बिघडलं तर दाद मागायला एक कागद असतो. रिव्ह्यू, फोन आणि कागद ही तीन वेगळी साधनं आहेत. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की फसगत होते.

शेवटचा आक्षेप मालकांचा असतो आणि तो रास्त आहे. पाहुण्यांनी उणिवा उघड लिहायला सुरुवात केली, तर घरगुती धंदा करणारी माणसं बुडतील, आणि मार्केटिंगचा माणूस नेमणारे मोठे व्हिला तेवढे तरतील. मला वाटतं, उणीव आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. शिक्षा ताऱ्यांनी होते, माहिती शब्दांनी मिळते. तारे पाचच्या पाच द्यावेत, काकूंनी ते कमावलेले असतात. पण खाली लिहिताना क्षणभर काकूंकडे पाठ करून पुढच्या कुटुंबाकडे तोंड करावं. महिना कुठला होता, किती जण होतो आणि त्यांतले किती पलंगावर झोपले, पाणी आणि वीज कशी होती, शेवटचा रस्ता कुठली गाडी जाईल असा आहे, एवढ्या चार गोष्टी विशेषणाशिवाय लिहाव्यात. याने मालकाचं नुकसान होत नाही. ज्याला आठ पलंग हवेत तो येणार नाही, आणि जो येईल तो गाद्या बघून एक तारा कापणार नाही. एका ताऱ्याचे बरेचसे रिव्ह्यू घर वाईट असल्याने येत नाहीत, चुकीचा पाहुणा चुकीच्या घरी पोचल्याने येतात, आणि तो तिथे पोचतो तो आधीच्या पन्नास पाहुण्यांनी फक्त कौतुक लिहिलेलं असतं म्हणून. रिव्ह्यू विश्वासार्ह व्हायचे तर अॅपवाल्यांनी नियम बदलले तरी पुरणार नाही, हे २०१४ च्या बदलाने दाखवलंच आहे. लिहिणाऱ्याने वाचणारा बदलायला हवा.